पोट वाढलं तेव्हा

टमाले, घाना

सुलेमाना,

तू सोन्याच्या खाणीवर होतास आणि इकडे माझं पोट वाढत गेलं. तुझी आई म्हणाली, "कुणाचं गं हे पाप?" ते तुझ्या कानावर गेलं आणि तू घरी येणंच सोडलंस.

इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल नाही, पोटातली प्लीहा सुजलीय. रक्ताचा कॅन्सर आहे. रोज गोळी घेतलीस तर जगशील." तीन वर्षं घेतेय. पोट उतरलं, पुन्हा बाजारात बसते.

काल तुझा निरोप आला, "मूल कुणाचंही असो, मी वाढवीन. येऊ का?" मी रडले. एवढं मोठं मन तुझं, आणि तीन वर्षांत मला एक प्रश्न नाही!

हे पत्र न धाडता ठेवून देतेय. 'ये' एवढाच निरोप धाडीन. दारात उभा राहून तू आपणहून आधी विचारावंस, "मेमुना, तुला काय झालं होतं?"

मग सांगेन.

मेमुना