बारावीला गणित

सोमवार, १६ जून

संध्याकाळी धाकटा भाऊ शंकर मलकापूरहून लेकीला, स्वातीला घेऊन आला. बी.ए.ला ती अर्थशास्त्रात कॉलेजात पहिली. आता एम.ए. पुण्यालाच करायचं. "आक्का, खोलीबी बघून आलोय," तो खुशीत सांगत होता. पेपरात प्रवेशाच्या बातम्या मी लिहिते, म्हणून तिथल्या संस्थेचे प्रवेशाचे नियम माझ्याकडून वाचून घ्यायला आलेले. अट होती, बारावीला गणित हवं. पुन्हा वाचलं. फोन करून विचारलं. तेच.

अकरावीला स्वातीला कोल्हापुरात माझ्याकडे राहायचं होतं, ते या गणितासाठीच. गावच्या कॉलेजात कला शाखेला ते नव्हतं, इथे होतं. शंकरने तेव्हा कारणही विचारलं नाही. "गावात कॉलेज हाय की," एवढंच म्हणाला. आणि आता तोच पोरीला पुण्याला सोडायला निघालेला.

शंकर स्वातीकडे वळून हळूच म्हणाला, "तवा हितं आली असतीस तर गणित मिळालं असतं व्हय गं?"

मी काही बोलायच्या आत स्वाती म्हणाली, "न्हाय बाबा. हितंबी नव्हतं."

शंकरने माझ्याकडे पाहिलं.

नव्हतं, मी म्हणाले.