घरच्या पाकातला जड कार्बन

पापा,

लांबूनच तुमच्या दोन्ही गालांचा मुका. मी मजेत आहे, खोली उबदार आहे. तुमचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही झाडांचा रस आटवून पाठवलेला मेपलचा पाक मी प्रयोगशाळेत नेला. "अस्सल पाक कसा असतो ते बघा," म्हणून मिरवलंही. इथे आम्ही पाकातला कार्बन तोलतो. कार्बनचे अणू सगळे सारखेच वागतात, पण काहींत एक न्यूट्रॉन जास्त असतो, म्हणून ते जड. उसाच्या साखरेत हे जड अणू मेपलच्या रसापेक्षा जास्त असतात. जिभेला कळत नाही, यंत्राला कळतं.

आपल्या पाकात ते फार जास्त निघाले.

आमच्या प्रमुख मादाम गेर्वे हळूच म्हणाल्या, "ओदील, हा तुझ्या घरचाच ना गं?" सगळे बघत होते. मी म्हटलं, "छे, चुकून दुकानातला डबा आणला वाटतं."

पापा, तुम्ही साखर घातलीत याची लाज वाटलीच. पण तुमच्या हातचा पाक मी चारचौघांत नाकारला, याची त्याहून जास्त वाटते. यंदा रस कमी उतरला का? की झाडांखालच्या रसाच्या बादल्या उचलवत नव्हत्या? मला का नाही कळवलंत?

आज मी मादामना खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग रस उतरेल तेव्हा रजा घे."

मार्चमध्ये येते. बादल्या मी वाहीन, तुम्ही नुसते चुलीपाशी बसा. तोवर उरलेले डबे कुणाला विकू नका, पापा.

तुमचीच,
ओदील