सिरिलच्या नावावरचे सहाशे चौदा डॉलर

मी, व्हेरोनिका हॉवनेक, वय एकोणऐंशी, शर्टांच्या कारखान्यात बत्तीस वर्षे कॉलर शिवून निवृत्त झालेली, राहणार चर्च स्ट्रीट, लॅनिगन, पेनसिल्व्हेनिया, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांची तक्रार हृदयाबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. कोणी शेजारी बसून हे लिहवून घेत नाही. नवऱ्याबरोबर केलेले आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

रद्द करण्याचे कारण घर नाही. आमच्या चर्चमध्ये ईस्टरपूर्वीचा मोठा उपास लागण्याआधीच्या शनिवारी प्रत्येक घरातल्या मृतांची नावे वाचतात. माझा नवरा ओंद्रेय जाऊन तीन वर्षे झाली, आणि त्याचे नाव मी अजून वाचू दिलेले नाही. ते वाचावे की नाही, हा निर्णय माझ्या मुलीवर टाकून जाणे बरे नव्हे.

१. घर आणि त्यातले सामान माझी मुलगी इर्मा हिला. मागचा जिना दुरुस्त केल्याशिवाय कोणाला भाड्याने देऊ नये.

२. माझी नणंद पॉलिना हिने सासूबाईंचे खसखस दळायचे यंत्र १९७१ साली आठवड्याभरासाठी म्हणून नेले. ते मी तिला दिले असे आजपासून समजावे. चोरीचा माल जवळ ठेवून तिने मरू नये. याखेरीज तिला काही नाही.

३. तळघरातली ओंद्रेयची हत्यारे जावई वॉल्टर याला. उसनी नेलेली हत्यारे परत आणून देणारा माझ्या ओळखीत तो एकटाच. हत्यारांच्या खालच्या खणात हिरवी फाईल आहे. ती कोणालाही नाही. ती माझ्या शवपेटीत ठेवावी. तिच्यात काय आहे ते मात्र इर्माला कळायला हवे, म्हणून इथे लिहिते.

सिरिल आमचा मुलगा. १९८८ साली बापाशी भांडून गेला. भांडण गाडीच्या किल्ल्यांवरून झाले. ओंद्रेयने दार उघडून धरले. दोघांनाही वाटले की दुसरा थांबवील.

१९९७ साली राज्याच्या खजिना कार्यालयाने वर्तमानपत्रात यादी छापली. ज्यांचे पैसे पडून आहेत आणि कोणी मागायला आलेले नाही, अशांची. तिच्यात सिरिलचे नाव होते आणि ईरी शहरातला पत्ता. त्या पत्त्यावर लिहिलेले पत्र परत आले. मी कार्यालयाला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली की पैसे मालकाने स्वतः मागावेत, आणि मालक हयात नसेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करावा. मी तिला म्हटले, मालक हयात आहे, मी नुसती चौकशी करते आहे. मग दर वर्षी मी यादी पाहत गेले, आधी कागदावर, पुढे वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर. नाव आहे म्हणजे त्याला अजून पैसे न्यायला यायचे आहे, असे मी धरून चालले.

२००६ साली नाव यादीतून गेले. वाचनालयातल्या डोलोरेसने चौकशी करून सांगितले की रक्कम दिली गेली आहे. कोणाला, ते सांगत नाहीत. मी घरी येऊन कणीक मळली. अक्रोडाचे अकरा रोल केले आणि रस्ताभर वाटले. सिरिलने त्याचे पैसे नेले, असे दारोदार सांगितले. ओंद्रेयने दोन तुकडे खाल्ले आणि तळघरात जाऊन धार असलेल्या पटाशांना पुन्हा धार लावत बसला.

पुढची पाच वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. हे लिहून ठेवलेच पाहिजे.

आमच्याकडे मृतांच्या नावांचा कागद दर वर्षी नवा करत नाहीत. तो फादरांजवळच राहतो, आणि कोणी गेले की घरातला माणूस त्यात एक नाव वाढवतो. म्हातारे फादर बासिल नावे पुटपुटत. २०११ साली नवे फादर आले. त्यांनी प्रत्येक घराचा कागद वेदीसमोर उभे राहून मोठ्याने, स्वच्छ वाचला. हॉवनेक: श्टेफान, मारिया, युराय, सिरिल.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ होता. ओंद्रेयने माझा दंड धरला होता.

"कधी?" मी विचारले.

"चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. न्यूमोनियानं."

म्हणजे यादीत नाव पहिल्यांदा दिसले तेव्हा तो तीन वर्षे जमिनीत होता. शेवटच्या पगाराचे पैसे घ्यायला तो आला नाही, म्हणूनच ते राज्याकडे गेले होते.

"आणि ते पैसे?"

"मी घेतले. दाखला जोडून. दगडाला लागले, व्हेरा. नगरपालिकेनं पुरला होता त्याला. वर नुसता नंबर होता."

"मी रस्ताभर रोल वाटले. तूही खाल्लेस."

"तू अठरा वर्षांनी गाणं म्हणत कणीक मळत होतीस," तो म्हणाला. "त्यात मी काय बोलणार होतो? तूच सांग. काय बोलायचं होतं मी?"

मी उत्तर दिले नाही. त्यानंतर साडेचार वर्षे एका छपराखाली राहिलो, तरी दिले नाही.

त्याने लपवले, हे मी एखादे दिवशी सोडून दिले असते. पण तो गेल्यावर हिरवी फाईल उघडली. त्या अर्जावर आई आणि वडील, दोघांच्या सह्या लागतात. 'आमचा मुलगा मृत आहे' या ओळीखाली माझी सही आहे. ती मी केलेली नाही. माझ्यासारखी काढण्यासाठी त्याने खूप सराव केला असावा. सरावाचे कागदही त्याने टाकले नव्हते. दोन्ही बाजूंनी भरलेले सात कागद.

४. बँकेतल्या पैशातून सिरिलला ईरीहून इथे आणावे. चर्चच्या स्मशानात आमच्या तीन जागा आहेत. मधली त्याची. जवळच्या नातलगाच्या सहीशिवाय ईरीचे लोक थडगे उघडत नाहीत. तो अर्ज सोबत जोडला आहे. त्यावरची सही माझी आहे. ती करायला मला दोन दिवस लागले.

५. आता ओंद्रेयबद्दल. परवाच्या शनिवारी फादर कागद घेऊन स्वतः घरी आले होते. मी म्हटले, पुढच्या वर्षी बघू. ते गेल्यावर त्याचा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. मी कणीक मळत होते आणि गात होते. दारात उभे राहून त्याने काय बोलायला हवे होते? तीन वर्षे मी वाक्ये जुळवते आहे. एकही सापडले नाही.

तेव्हा इर्माने त्याचे नाव कागदावर लिहावे. आधी सिरिल, मग मी, मग तो. माझ्या हयातीत नको. मला ते उभे राहून ऐकवणार नाही. फादरांनी ते पुटपुटू नये.

हा कागद मी स्वतः दोनदा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांना यातून काही मिळायचे नाही.

सही: व्हेरोनिका हॉवनेक

साक्षीदार:
१. डोलोरेस केसिक, ग्रंथपाल
२. लिओ यार्मोला, शेजारी

लॅनिगन, पेनसिल्व्हेनिया
सोमवार, २५ फेब्रुवारी २०१९