जित्या माणसाची घोषणा

२४ जानेवारी
कैलाशदादा येऊन राहिले! आचलचे मोठे भाऊ. हवालदार. शौर्यचक्र! काश्मीरच्या चकमकीत जखमी जोडीदाराला पाठीवर घालून गोळ्यांतून बाहेर आणलं. परवा सत्कार आणि घोषणा मी देणार. माझ्यासारखा आवाज गावात आहे कोणाचा? बाबा म्हणतात, "कॉलेज सोडलास, आता गळा फाड." फाडतो! आचल समोरच असेल. एसटीत ती वळून बघते माझ्याकडे. उगाच नाही बघत.

२६ जानेवारी
सत्यानाश!
आमच्या गोरेगाव फाट्यावरून ट्रॅक्टर निघाला, दादा उभे, गळ्यात झेंडूचे हार. माझं रक्त उसळलेलं. माइकवर ओरडलो, "वीर जवान कैलाश—" आणि अख्खं गाव, "अमर रहे!" परत. परत. दुसरी घोषणा आम्हाला येते कुठे! आमच्याकडे फौजीची मिरवणूक निघते ती तो तिरंग्यात आल्यावरच.
आचलची आई, पार्वताबाई, आरतीचं ताट घेऊन अंगावर आली. "माहा लेक जित्ता हाये रे, मुडद्या!" आचलनं कपाळाला हात लावला. माझा दोस्त रिंकू दात काढत होता, त्याची कॉलर धरली. दादांनीच खाली उतरून सोडवलं.

२७ जानेवारी
घराबाहेर पडलो नाही.

२८ जानेवारी
दादा दारात! वाटलं, आता बसते थोबाडीत.
"काऊन बे, मले मारून तू घरात लपून राहिला?" आणि हसत सुटले. बाईकवर बसवून गोरेगावला चहाला नेलं. मी विचारलं, "तिथं गोळ्या चालू होत्या तेव्हा राग किती आला असेल, दादा?"
"राग? रागात उठलो असतो तं दोघंही गेलो असतो. तो कण्हत होता अन् मी त्याच्या तोंडावर हात ठेवून दगडाआड पडून. गोळ्या थांबल्या, मंग उचललो. लोक पळणं सांगतात. पडून राहणं कोणी सांगत नाही."
पण मी काय पडून राहणारा आहे? तिथंच बोललो— "आचलशी लग्न करायचं आहे."
दादांनी कप खाली ठेवला. "डोकं गरम हाये तुहं. पण पोरगा खरा हायेस. माही हरकत नाही. आईले मी पाहतो."
जिंकलो!!

३० जानेवारी
आचलला सांगितलं, दादा हो म्हणाले.
"पयले दादाले विचारलास ना? मंग त्याच्यासंगच कर लगन."
हसली नाही.