वाऱ्याच्या नळीतली खुंटी

१० एप्रिल
मेल्या पाइपाने जीव नकोसा केलाय. लाइट गेली, पंप बंद पडला, की घरामागचा नळयोजनेचा पाइप असा धडाकतो की चुलीवरचं टोप उडतं. आज दोनदा. मांजर अजून माळ्यावर. दत्तू, माझा लेक, पंपावर असतो. म्हणतो, "आये, कान बंद कर." कान म्हणजे काय तुझो पंप?

१३ एप्रिल
सायलीचा फोन. दत्तूचं चेडू, माझी नात, कोल्हापुरात शिकते. पाइपात पाणी कसं आपटतं ते कंप्युटरात मांडते. "आजये, एका धडाक्यानंतर दुसरो किती वेळान?" घड्याळ कोण बघतंय. नारळ खवत होते, तेच सांगितलं. मधी सहा खवण्या, म्हणजे सहादा वाटी फिरली. हसली नाही. लिहून घेतलंन.

१६ एप्रिल
फुटला. लाइट गेली, धडाका, पंपाजवळचा जोड उडून दत्तूच्या हातावर. हाड बाहेर. पाण्याने उचलून भिंतीवर आपटला. रक्त वाहतंय आणि वर पाणी. लुगडं फाडून आवळलं. जीपमधे शिव्या देत होता, म्हणजे जगेल.

१८ एप्रिल
नळयोजनेचा ठेकेदार दारात. "तुमच्या मुलाने व्हॉल्व झटकन बंद केला, म्हणून फुटला. सोमवारी ग्रामसभेत जाब द्यावा लागेल." हात गेला, आता नोकरीपण. माझ्या हातात कोयता होता, नारळ सोलायचा. तो पायरी उतरला.

१९ एप्रिल
सायली आली. मला परत खवायला लावलंन, मोबाइलात वेळ धरलान. व्हॉल्व झटकन बंद, सावकाश बंद, सगळं कंप्युटरात घालून बघितलं. सहा खवण्या जुळेनात. मग डोंगरावरची वाऱ्याची नळी, पाइपात वारा घेते ती, बंद धरली. जुळल्या.
"लाइट गेली काय पाणी वरती तुटता. मधी पोकळी. वारो आत इलो तर पाणी गुमान येता. नाय इलो तर दोनय बाजूचा पाणी एकमेकावर आपाटता. पण नळी बंद कित्याक आसतली, आजये?"
मी खवणी उचलून आत गेले.
ती नळी डोंगरावरच्या माझ्या खळ्यावर, कोकमाची सोलां वाळवते तिथे. गेल्या महिन्यात पाणी थुंकली, दोन चटया सोलां भिजवलीन. फणसाची खुंटी करून ठोकली मी. दत्तूला ठाऊक नाही.

२० एप्रिल, रविवार
खुंटी फुगून बसलीय. कोयत्याने घाव घातले. अर्धी तुटली, अर्धी आतच. जोड नवा बसवलाय, उद्या सकाळी सभा झाली की पंप चालू करणार म्हणतात.
सायली, ही वही सभेत तू वाच. खुंटी निघेपर्यंत पंपाला कोणी हात लावायचा नाही. नळीचं तोंड माझ्या खळ्याकडे कोणी केलं, ते ठेकेदाराने सांगायचं. खुंटीचं मला विचारायचं. दत्तूला कोणी एक शब्द विचारायचा नाही.