लेसचं सुरुवातीचं टोक

९ नोव्हेंबर, डोंबिवली

लेसचं वळं आजही मिटलं नाही. दोरा ओढला की मिटायला हवं, बदामासारखं. व्हिडिओतल्या बाईचं मिटतं. ती बोलत नाही, नुसते हात दिसतात, मागे पियानो. मी ओढलं की दोरा तुटतो.

टॅटिंग म्हणतात याला. बोटाएवढ्या शटलवर दोरा गुंडाळायचा, डाव्या हाताला एक वेढा द्यायचा आणि गाठीला गाठ लावत वळं करायचं, वळ्याला वळं जोडून लेस. सुई नाही, हूक नाही. शटलला आपल्याकडे धोटा हा चांगला शब्द आहे. सु.ला सांगितला तर म्हणाली, "मागावरचा वाटतो, अवाढव्य. शटलच म्हणा." बायकोच्या भाषाशास्त्रापुढे आमचं काय चालणार.

कारण (अधिकृत): लेकीला, रेवाला, जानेवारीत बाळ होणार. सु. कुंची शिवतेय. कुंचीच्या कडेला लेस, आजोबांच्या हातची.

कारण (खरं): अंगठा.

१२ नोव्हेंबर

नववी ब. फळ्यावर लिहिताना काही नाही, उजवा हात ठीक. डावा टेबलावर निवांत ठेवला की त्याचा अंगठा आपला आपण चालतो. तर्जनीवर घासत राहतो, जणू गोळी वळतोय. काम दिलं की थांबतो.

अण्णांचं असंच सुरू झालेलं. लोकांना वाटायचं, जप करतात. आम्हालाही तेच वाटायचं. आई कौतुकाने सांगायची, रिटायर झाल्यापासून यांचं नामस्मरण वाढलंय. हातातून कपबशी जायला लागली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. कंपवात. विग्रह करायला सोपा समास.

म्हणून हे बारीक काम. हात शाबूत असेल तर लेस होईल. नसेल तर

असं अनुमान होतं. पण हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, संशयास्पद निघाला. वळं मिटत नाही ते मला येत नाही म्हणून, की हातामुळे? शिकाऊ माणसाच्या चुका आणि आजारी माणसाच्या चुका एकाच तोंडवळ्याच्या.

१५ नोव्हेंबर

दोरा संपला. फडके रोडला गेलो. दुकानदार म्हणाला, "वहिनींना कुठला नंबर हवाय, काका?" विचारून येतो म्हटलं. कोपऱ्यावर उसाचा रस प्यालो आणि परत गेलो. "वीस म्हणाली."

दुकानाबाहेर पाटी: फॉल, बीडिंग, पिको. वर्षानुवर्षं वाचतोय. पिको म्हणजे मुळात लेसच्या कडेला दोऱ्याचा जो बारीक कान सोडतात तो, हे आत्ता कळतंय. आता त्याचा अर्थ साडीची कड मशीनवर मारणे. शब्द झिजतात ते कुणाच्या लक्षात येत नाही. झिजून झाल्यावर येतं.

१८ नोव्हेंबर

"हल्ली कप अर्धाच का भरतेस? दूध महागलं?"

"साखर कमी करायला सांगितलीय ना तुम्हाला."

साखर कमी आणि चहा कमी यांतला फरक समजावून सांगितला. म्हणाली, "ते संस्कृत शाळेत."

२२ नोव्हेंबर, शनिवार

मिटलं.

दुपारी, जेवणानंतर, गॅलरीत. चूक अशी होती: शटलच्या दोऱ्याने हातावरच्या दोऱ्याला गाठ मारत होतो आणि तशीच आवळत होतो. मारायची तशीच, पण आवळताना शटलचा दोरा ताणून सरळ करायचा आणि हातावरचा सैल सोडायचा. मग गाठ उडी मारते. ज्याने वेढा घातला तो सरळ होतो, ज्याला घातला तोच वेढा होऊन बसतो. म्हणून वळं सरकतं, म्हणून मिटतं. कर्तरीचं कर्मणी! उभी नोकरी पोरांना "प्रयोग बदला" सांगण्यात गेली आणि स्वतःच्या बोटांना सांगायचं राहिलं.

म्हणजे हात नव्हे, अज्ञान. स्वतःच्या अज्ञानाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

सु.ला दाखवलं. तळहातावर घेऊन म्हणाली, "ढेकणाएवढं आहे." पण चष्मा लावून बघितलं.

३० नोव्हेंबर

वळी मिटतायत. एकाला एक जोडून बोटभर पट्टी झाली. पिको मात्र एकसारखे येत नाहीत. एक कान सशाचा, दुसरा माणसाचा.

झालेल्या गाठी डाव्या चिमटीत धराव्या लागतात. म्हणजे अंगठ्याला काम आहे. काम दिलं की थांबतो, हा नियम. आज काम चालू असताना चिमटीतच हलताना दिसला. थोडासाच. अपवाद म्हणावा, की नियमच बदलला?

ती पट्टी बाजूला टाकली. नव्याने केली. पिको तसेच.

४ डिसेंबर

स्टाफरूममध्ये ऑफ तास होता, कुणी नाही असं समजून शटल काढलं. गणिताच्या डिमेलोबाई पेपर घेऊन दारात.

"अरे देवा. सर, टॅटिंग?"

गाईडच्या आड लपवायचा प्रयत्न केला. उपयोग नाही.

"माझी मम्मी करायची ना. घरात सगळीकडे तेच. टीव्हीवर लेस, फ्रिजवर लेस, पाण्याच्या माठावर लेस."

"तुम्हाला येतं?" माझ्या आवाजात फार आशा असावी.

"नाय हो. मारून मारून शिकवलं तरी नाय आलं. म्हणून तर गणिताला पळाले."

त्या बाळकुमच्या, जुन्या गावठाणातल्या. रेवाचा टॉवर त्यांच्या घराच्या मागेच. मम्मीच्या हातचा, टेबलावर टाकायचा लेसचा लांब पट्टा आहे म्हणाल्या, ख्रिसमसला निघतो. येऊन बघा. मग हळूच, "स्टाफमध्ये सांगत नाय मी. पण पीटीच्या सरांना कळलं तर मजा येईल हां."

१४ डिसेंबर, रविवार

बाळकुम. सु. रेवाच्या पायांना तेल लावत बसली. मी "जरा खाली जाऊन येतो" म्हणून निघालो. वरून कौलं दिसतात ती खाली उतरून शोधायला बराच वेळ लागला. दारात क्रॉस, पलीकडे शेवग्याचं झाड, डिमेलोबाई गाऊनवर ओढणी घेऊन.

पट्टा टेबलावर पसरून ठेवला होता. चांगला लांब. एका टोकाला काय काम! एकेक वळं ठशातून काढल्यासारखं, पिको एका उंचीचे. तिथून बघत गेलो. मध्यावर गाठी थोड्या सैल. पुढे आणखी. दुसऱ्या टोकाला वळी वाकडी, पिको लहानमोठे. माझ्यासारखे.

विचारलं, सुरुवात कुठून केलीय?

"म्हणजे?"

"यातलं आधीचं टोक कुठलं?"

"काय माहीत, सर. आम्ही चांगलं टोक हॉलकडे ठेवतो, वाकडं किचनकडे."

"म्हणजे शिकत असताना केलेलं हे वाकडं, की शेवटी शेवटी..."

"कोण बघायला गेलंय? ती आपली कायम करतच असायची. शेवटी डोळे गेले तिचे."

"आणि हात?"

"हात चालू होते ना. रोझरी सुटली नाय शेवटपर्यंत. नुसती बसलेली असली तरी बोटं मणी ओढत असायची. मणी हातात नसले तरी."

केक दिला. गोड लागला असावा.

पट्टा पुन्हा बघितला. इकडून वाचला तर बाई शिकत गेली. तिकडून वाचला तर

वर आलो तर रेवा म्हणाली, "बाबा, तुमच्या लेसचं काय झालं? मी थांबेन, बाळ थांबणार नाही हां." प्रगती आहे म्हटलं. सु. माझ्या हाताकडे बघत होती. खिशात घातला.

१७ डिसेंबर

आज चहा मीच ओतून घेतला. काठोकाठ. मुद्दाम डाव्या हाताने उचलून गॅलरीपर्यंत नेला. निम्मा बशीत, थोडा लेंग्यावर.

सु.ने फडकं आणलं. पुसता पुसता, वर न बघता म्हणाली, "नवरात्रापासून अर्धा देतेय. म्हटलं, कधीतरी विचाराल."

"विचारलं होतं की."

"भांडायला विचारलंत. खरं उत्तर हवं असलं की माणूस तसं नाही विचारत."

ते मान्य केलं. क्वचित घडतं.

"मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नाही."

"अहो, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही आणि एक दिवस पार्सलातून शटल येतं. काय समजायचं मी?"

ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ तिने आधीच घेतलेली. रेवाला सांगायचं नाही, बाळंतपण होईपर्यंत. यावर दोघांचं एकमत. हेही क्वचित.

२३ डिसेंबर, ठाणे

बसायला लावलं बराच वेळ. शटल नेलं होतं. शेजारी विठ्ठलवाडीची एक बाई, नवऱ्याला घेऊन आलेली. बराच वेळ बघून म्हणाली, "भाऊ, ऑर्डर घेता का? ब्लाउजच्या बाहीला?" सु. म्हणाली, "सध्या फुल आहेत ते." आम्ही हसलो. तिचा नवरा हसला नाही. त्याचा चेहराच हसत नव्हता. अण्णांचा पुढे पुढे तसा झालेला. मी वळं अर्धं ठेवून शटल खिशात घातलं.

डॉक्टरीण रेवाएवढी. बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं. कागदावर जिलबी काढायला लावली. मग म्हणाली, एक वाक्य लिहा.

"कुठल्या भाषेत?"

"तुम्हाला येईल त्या."

मी विचारात पडलो. सु. म्हणाली, "अहो मराठीत लिहा." लिहिलं: आज मंगळवार आहे.

निदान: असेलही, नसेलही. वडिलांचं सांगितलंत म्हणून लक्ष ठेवू. औषध आत्ता नको. जूनमध्ये परत या, तोवर वाढतंय का ते बघा.

मी लेस काढून दाखवली. म्हटलं, यावरून बघू का? तिला आवडली. "करत राहा. चांगलंच आहे हातांना."

"पण मी शिकतोय अजून. शिकणाऱ्याचा हात सुधारतो. समजा सुधारणा आणि बिघाड बरोबरच चालले, तर लेस जशीच्या तशी दिसेल. मग कळायचं कसं?"

तिने लेस परत दिली. "सर, तुमच्या हाताखाली मी नापास झाले असते."

उठताना तिने विचारलं, "अक्षर लहान होत चाललंय का?" नाही म्हटलं. बघितलं कुणी होतं?

२५ डिसेंबर

रोजनिशीची मागची पानं उघडायची नाहीत असं ठरवलं.

उघडली. दिवाळीत अक्षर मोठं होतं. पण तेव्हा पेन जाड होतं. म्हणजे पुन्हा तेच.

(हे मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय. तीन शब्दांनंतर विसरतो.)

डिमेलोबाईंना मेरी ख्रिसमसचा मेसेज केला. त्यांनी सजवलेल्या टेबलाचा फोटो पाठवला. पट्टा अंथरलेला, चांगलं टोक हॉलकडे.

२८ डिसेंबर

आतापर्यंतचे सगळे तुकडे एका डब्यात टाकले. कुंचीची लेस आज नव्याने धरली. पहिलं वळं मिटवलं आणि पुढे जाण्याआधी त्यात सु.च्या डब्यातला लाल दोरा ओवून गाठ मारली.

सु. शेजारी बसून कुंचीला अस्तर लावत होती. "पांढऱ्या लेसला लाल काय? दृष्टीसाठी?"

"नाही. हे सुरुवातीचं टोक. पुढेमागे कुणाला प्रश्न पडायला नको."

सुई थांबली तिची. डिमेलोबाईंचा पट्टा तिने पाहिला नाही, मीही सांगितलं नव्हतं. पण कळलं असावं. पुन्हा टाके घालायला लागली.

"बाळाच्या गालाला टोचेल ती गाठ."

"मग मागे घे. मानेकडे."

"मानेकडे घेते. दिसायला हवी ना पण?"

"आपल्याला दिसली की पुरे."

चहा झाला. हल्ली अर्धा कप देते, पण दोनदा. तक्रारीला जागा ठेवत नाही.

संध्याकाळपर्यंत वीतभर लेस झाली. शेवटचं वळं पहिल्यापेक्षा बरं आलंय असं मला वाटतं. पिकोही जवळपास सारखे. पण मला वाटण्याचा काय भरवसा. सु.कडे दिली. म्हटलं, लाल दोऱ्याकडून बघत ये आणि खरं सांग. भांडायला नाही, खरं उत्तर हवं म्हणून विचारतोय.

तिने लेस मांडीवर सरळ केली, लाल दोऱ्यावर बोट ठेवलं, हळूहळू पुढे नेलं. टोकाशी पोचली. पुन्हा मागे गेली. मग चष्मा काढून घडी घातली आणि म्हणाली, "उद्या उजेडात बघू."