पहिल्या पानावरचा चिन्नोर

माय,

आज सकाळपासून मी फोनवर एकच गोष्ट नऊ वेळा शोधली आहे. ‘भंडाऱ्याचा सुगंधी तांदूळ’ असे लिहायचे आणि आपले नाव यादीत कितवे येते ते पाहायचे. चहा ठेवला, पाहिले. चहा उतू गेला, ओटा पुसला, ओल्या हाताने पुन्हा पाहिले. तुला हे कसे समजावू? भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस, आणि तेव्हा आपल्याला फोन यायचा तोही शेजारच्यांकडे. आता लोक बाजारात जायच्या आधी फोनला विचारतात. अमुक वस्तू कुठे मिळेल असे लिहिले की तो एका पानावर दहा दुकाने दाखवतो, मग दुसरे पान, तिसरे पान. पण दुसऱ्या पानाकडे कोणी वळत नाही. अड्याळच्या बाजारात दुकानांची पहिली दहा पाले पाहून सगळे गिऱ्हाईक घरी परतले तर कसे होईल, तसेच. आणि कोणाचे पाल कुठे लागायचे, हे फोनच्या आतले कोणीतरी ठरवते. त्याला तोंड नाही, त्याच्याशी भांडता येत नाही.

आपलेही एक पाल तिथे लागले आहे. भाऊ गेल्यापासून कोंढ्याची शेती वहिनी एकटी पाहते. तुझा चिन्नोर तांदूळ अजून नाल्याकाठच्या धानाच्या त्याच बांधीत होतो. धान्याच्या ढोलीत जे बी तू राखलेस, त्याचेच बी दरवर्षी पुढे जात आले. गावात दुसरे कोणी आता तो लावत नाही. उशिरा येतो, वाऱ्याने लोळतो, हाती थोडाच लागतो. दोन वर्षांमागे वहिनी सूप खाली ठेवत मला म्हणाली, “बाई, विकला त ठीक, नाही त मी आता जाडा ठोकळ धान लावीन. सासूचा धान म्हणून किती साल धरून ठेवू?” ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. मी नोकरीतून नुकतीच मोकळी झाले होते. मी म्हटले, मी विकून देते. तिने एकदा मोडला तर ते बी पुन्हा कुठून आणणार?

भाऊची मुलगी नागपूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, तिने वेबसाइट उभी करून दिली. बांधीचे फोटो तिने काढले, मजकूर मी लिहिला. सिस्टरांच्या बोर्डिंग शाळेत निबंधाला मिळालेली शाबासकी अजून डोक्यात होती ना! पहिल्याच आठवड्यात पाहते तर काय, आपले नाव सर्वांत वर. मी वहिनीला फोन करून सांगितले, शेजारणीला फोन उघडून दाखवला. महिना गेला तरी एकही मागणी आली नाही, तेव्हा मी भाचीला विचारले. ती हसतच सुटली. “आत्या, तू आपल्याच फोनवर पाहून राहिली काय? रोज तेच तेच पान उघडतेस, तो फोन तुले ओळखते. तुले खूश करून राहिला तो. माह्या फोनवर तू चौथ्या पानावर आहेस.” महिनाभर मी स्वतःच्याच आरशात पाहून पहिली येत होते.

मग मी हट्टाला पेटले. लोक कोणते शब्द लिहून शोधतात याची यादी भाचीने पाठवली. त्यात चिन्नोर जवळजवळ नव्हताच. ज्याचे नाव ठाऊक नाही ते कोण कशाला शोधील? सगळे बासमती शोधत होते. तेव्हा मी मथळ्यात लिहिले, ‘बासमतीसारखा सुगंधी तांदूळ, थेट भंडाऱ्याच्या शेतातून’. खाली मजकुरात आणखी सहा ठिकाणी तो शब्द घातला. फोटोंना नावे द्यावी लागतात, तिथेही घातला, आणि तिथे तर ‘सारखा’सुद्धा गाळून टाकला. भाचीला विचारले नाही, वहिनीला सांगितले नाही. तीन आठवड्यांत आपण पहिल्या पानावर आलो, खरोखरच्या. मागण्या येऊ लागल्या. वहिनी दुपारी ओसरीत बसून दाणा न् दाणा पाखडून पिशव्या भरत होती, आणि फोनवर तिचा आवाज दहा वर्षांनी लहान झाला होता.

मग पुण्याहून एका बाईंचा फोन आला. “अहो, तुम्ही कणी पाठवलीत. सगळा तुटका तांदूळ आहे!” आपला चिन्नोर, माय. तो इवलासाच असतो हे त्यांना कोण सांगणार? मीच सांगायचे होते, आणि मी दुसरेच काही सांगून बसले होते. मग असे दोघातिघांनी लिहूनही कळवले. वहिनीला सांगावे लागले.  ती एवढेच म्हणाली, “मी त एकेक दाना पाहून भरला न बाई. कणी कोठून येईन?”

त्या वाक्यानंतर मला अड्याळच्या बाजाराशिवाय काही दिसेना. नाताळची सुट्टी आहे, मी बोर्डिंगमधून घरी आले आहे, शाळेचाच निळा फ्रॉक अंगात आहे. सकाळची वंदना झाल्यावर आपण नवा चिन्नोर घेऊन निघालो. तू पोत्यावर ढीग लावला आणि पाणी प्यायला गेलीस. समोरचा व्यापारी ‘बासमती, बासमती’ ओरडत होता. मीही ओरडले. एक म्हातारे मास्तर थांबले, त्यांनी दोन पायल्या घेतल्या. तू परत आलीस, ऐकलेस, आणि माझे मनगट धरून बस थांब्यापर्यंत जवळजवळ पळवत नेलेस. पवनीच्या बसच्या पायरीवर मास्तरांना अडवून म्हणालीस, “गुरुजी, हा चिन्नोर आहे. पोरीनं खोटं सांगतलं. नसन पाहिजे त वापस द्या.” मास्तर हसले. “मले काय नाक नाही काय, बाई? पोरगी काही का ओरडे ना, मी हातावर घेऊन पाहिला तवाच समजलो.”

परत येताना तू माझ्या तळहातावर मूठभर दाणे ठेवलेस, दोन्ही हातांनी चोळायला लावलेस, वर तोंडातली गरम वाफ सोडायला लावलीस, मग वास घ्यायला सांगितलेस. “असा विकाचा,” म्हणालीस. “नाव घेऊन नाही. गिऱ्हाइकाच्या हातावर द्याचा.” तू विचारलेस, “काहून खोटी बोललीस?” मी म्हटले, तो समोरचा ओरडत होता म्हणून. ते खरे नव्हते. बोर्डिंगमधली एक मुलगी वडिलांबरोबर दोन पाले सोडून उभी होती. माझी आई गावठी तांदूळ विकते, हे तिला कळू नये असे मला वाटले.

फोनमधून कोणाच्या तळहातावर दाणे ठेवता येत नाहीत, हीच माझी सगळी अडचण आहे. तरी गेल्या महिन्यात मी तो शब्द सगळीकडून काढला. मथळ्यात चिन्नोर लिहिले. दाणा लहान असतो, भात मऊ आणि थोडा चिकट होतो, लांब मोकळी शिते हवी असतील त्यांनी घेऊ नये, हेही लिहिले. वहिनीच्या तळहातावरच्या दाण्यांचा फोटो लावला. पुण्याच्या बाईंना माफी मागणारे चार शब्द लिहिले, त्यांचे उत्तर नाही. भाची म्हणाली, “आत्या, घेऊ नये असं कोणी आपल्याच दुकानावर लिहिते काय?” आणि आपण घसरलो, दुसऱ्या पानावर, तिसऱ्या, आता पुन्हा चौथ्या. माझ्या फोनवर मात्र अजून पहिलेच. मला कारण माहीत आहे, तरी मी पाहते. दहाव्यांदा आत्ताच पाहिले.

पऱ्ह्यांचे बी टाकायचे दिवस चार-आठ दिवसांवर आले. परवा वहिनीने विचारले, “बाई, औंदा सांगा, टाकू का नको?” मी म्हटले, टाक, मागण्या येतातच आहेत. “हो न,” ती म्हणाली, “खरं लिवलं तरी घेतेत लोक.” आणि ती मनापासून हसली.

हे पत्र कुठे टाकायचे नाही म्हणून तुला सांगते. या महिन्यातल्या पाच मागण्यांपैकी चार माझ्या आहेत, बोर्डिंगच्या जुन्या मैत्रिणींच्या नावांनी केलेल्या. पिशव्या त्यांच्या पत्त्यांवर जातात आणि तिथून मी त्या घेऊन येते. माझ्या पलंगाखाली आता झाडू जात नाही. वहिनी येते म्हणाली आहे रविवारी, आणि मी चादर जमिनीपर्यंत ओढून ठेवली आहे. पण वास लपत नाही, माय. दारातच येतो.